निष्कर्षाच्या मापाने बेतलेली व्याख्या

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक निकालपत्र जरूर वाचा. व्याख्या कशी करू नये, याचं इतकं ठळक उदाहरण मला विज्ञानाच्या पुस्तकांत सापडलं नाही.

बुलढाण्याच्या सत्र न्यायालयातली अपिलं ज्या नागपूर खंडपीठाकडे जातात, त्याचाच हा 19 जानेवारी 2021 चा निकाल. घटना नागपुरातली. बारा वर्षांच्या मुलीला लैंगिक हेतूने, कपड्यांवरून स्पर्श. आरोपीला पोक्सो कायद्याच्या कलम 8 खाली तीन वर्षांची शिक्षा झालेली. या कलमात कमाल पाच वर्षं, किमान तीन. म्हणजे दोष कायम राहिला, तर अपिलात एक दिवसही कमी करता येत नाही. मग हलवण्यासारखं काय उरतं? गुन्ह्याची व्याख्या.

कलम 7 ‘शारीरिक संपर्क’ एवढंच म्हणतं. उच्च न्यायालयाने त्यात त्वचेला त्वचेचा स्पर्श वाचला, आरोपीला पोक्सोतून सोडलं आणि दंड संहितेच्या कलम 354 खाली एक वर्षावर आणलं. तिथेही कमाल पाचच! फरक फक्त किमान शिक्षेचा.

कारण काय दिलं? शिक्षा कडक, म्हणून पुरावाही काटेकोर हवा. ऐकायला पटतं. पण काटेकोर पुरावा म्हणजे घटना घडली याची जास्त खात्री. इथे घटना घडल्याचं न्यायालयाने मान्यच केलं होतं. मोजमाप अचूक करायच्या नावाखाली मोजायची वस्तूच बदलली. (प्रयोगशाळेत हे आपणही करतो, कबूल करत नाही इतकंच.)

निकालामागची काळजी मात्र मला पोकळ वाटत नाही. किमान शिक्षा वेगवेगळ्या तीव्रतेच्या घटनांना एकाच तागडीत टाकते. पण ते उघड लिहून संसदेकडे बोट दाखवता आलं असतं.

अ‍ॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात साधी कसोटी लावली: मग हातमोजे घातलेला माणूस सुटणार का? व्याख्या अशीच कडेला नेऊन तपासायची असते. 18 नोव्हेंबर 2021 ला न्या. लळित, भट आणि त्रिवेदी यांनी निकाल फिरवला. महत्त्व लैंगिक हेतूला, त्वचेला नाही, असं सांगून तीन वर्षं पुन्हा लावली.

आधी उच्च न्यायालयाचाच निकाल वाचा. पेन्सिल घ्या. शिक्षेच्या कडकपणाचा उल्लेख पहिल्यांदा कुठे येतो आणि ‘संपर्क’चा अर्थ कुठे ठरतो, तिथे खुणा करा.