‘राजी’ : पुण्यातील एका खेळनिर्मिती संस्थेच्या कलाकृतीचे समीक्षण

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेची वाटचाल खडतर होती. २०१७ मध्ये किकस्टार्टरवरील लोकवर्गणीचे आवाहन अयशस्वी ठरले. पुढे एपिक गेम्सच्या अनुदानाचा आधार मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रथम निन्टेंडो स्विच या हातात धरून खेळता येणाऱ्या यंत्रावर प्रसिद्ध झाला.

असुरांनी पळविलेल्या भावाचा शोध घेणारी मुलगी ही त्याची नायिका. राजस्थानी धाटणीचे स्थापत्य आणि छायाबाहुल्यांतून साकारणारे कथाप्रसंग ही त्याची निःसंशय बलस्थाने होत. निवेदन मात्र दुर्गा व विष्णू यांच्या संवादावर सोपविले आहे. भित्तिचित्रांपाशी राजी थांबते आणि पुराणकथा सविस्तर कथन केल्या जातात; त्याही भारतीय घरांत बालपणीच कानी पडणाऱ्या! हे विवरण परक्या श्रोत्यासाठी आहे, हे लपत नाही. मूळ निवेदन इंग्रजीत होते. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. मुलीचे धाडस देवतांच्या चर्चेचा विषय बनल्याने तिचा स्वतःचा स्वर क्षीण होतो. लढतीतील तिची चपळाई तेवढी निवेदनावाचून बोलते. शेवट तर इतका अकस्मात येतो, की कथानक मध्येच तुटल्यासारखे भासते.