साप्ताहिक तोरा-पाठ आणि समकालीन अर्थाची निकड : ‘पिन्हास’ या पाठाचे परिशीलन

प्रस्तावना

यहुदी परंपरेत तोरा, म्हणजे मोशेची पंचग्रंथी, हा जसा श्रद्धेचा विषय आहे तसाच तो कालबद्ध वाचनाचाही विषय आहे. या पंचग्रंथीचे ५४ पाठ पाडलेले असून त्यांपैकी प्रत्येकाला ‘पाराशा’ असे म्हणतात. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सभास्थानात त्या आठवड्याचा पाठ हस्तलिखित गुंडाळीतून वाचला जातो. त्यासाठी सात जणांना क्रमाने पाचारण केले जाते. ‘सिम्हाथ तोरा’ या सणाच्या दिवशी शेवटचा पाठ संपतो आणि त्याच बैठकीत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला पुन्हा प्रारंभ होतो. ही वार्षिक पद्धत मूळची बाबिलोनियातील. प्राचीन पॅलेस्टाईनमध्ये हेच वाचन सुमारे तीन वर्षांत पूर्ण होत असे. बाराव्या शतकातील प्रवासी तुदेला येथील बिन्यामीन याला इजिप्तच्या राजधानीत या दोन्ही पद्धती शेजारशेजारच्या दोन सभास्थानांत चालू असलेल्या आढळल्या होत्या. पुढे बाबिलोनी प्रथा सर्वत्र रूढ झाली.

या व्यवस्थेचा एक परिणाम समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. येथे वाचक आपला पाठ निवडत नाही; पंचांग तो निवडते. मनाला रुचणारा उतारा घेऊन त्यावर चिंतन करण्याची मुभा या वाचकाला नाही. महारोगाच्या शुद्धीचे नियम, निवासमंडपाच्या फळ्यांची मापे, वंशावळी, यज्ञबळींच्या याद्या हे सारे ज्या त्या आठवड्यात समोर येतेच. आणि प्रवचनकाराकडून अपेक्षा अशी, की त्यातून त्याने आजच्या माणसाला काही सांगावे. ही अपेक्षा उदात्त असली तरी धोक्याची आहे. दर सात दिवसांनी समकालीन अर्थ सापडलाच पाहिजे अशी सक्ती असली, की तो सापडतोच. मग तो पाठात असो वा नसो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा ‘पिन्हास’ या एकाच पाठाच्या आधारे करावयाची आहे.

दोन वाचनपद्धती

विसाव्या शतकात साप्ताहिक पाठावर जे विपुल लेखन झाले त्यात दोन प्रवृत्ती ठळकपणे दिसतात. पहिलीचे प्रातिनिधिक नाव जोनाथन सॅक्स (१९४८-२०२०). १९९१ ते २०१३ या काळात ते ब्रिटनमधील संयुक्त हिब्रू सभांचे प्रमुख रब्बी होते. त्यांच्या साप्ताहिक निबंधांत तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, राजकीय विचार यांचा सहज वावर असतो. पाठातील एखादा प्रसंग घेऊन नेतृत्व, जबाबदारी, सामाजिक विश्वास अशा आधुनिक प्रश्नांकडे जाणे ही त्यांची रीत. त्यांची शैली प्रसन्न आहे यात शंका नाही. परंतु त्यांचा निबंध वाचून संपल्यावर विचार लक्षात राहतो आणि वचन मात्र पुष्कळदा विस्मरणात जाते. पाठ हा तेथे दरवाजा असतो. एकदा आत गेल्यावर दरवाजाकडे कोण पाहतो?

दुसरी प्रवृत्ती नेहामा लिबोवित्झ (१९०५-१९९७) यांची. रीगा येथे जन्म, मारबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट आणि १९३० नंतर जेरुसलेममध्ये वास्तव्य, असा त्यांचा जीवनक्रम आहे. १९४२ मध्ये त्यांनी साप्ताहिक पाठावर प्रश्नपत्रिका काढण्यास सुरुवात केली. ‘गिल्योनोथ’ या नावाने ओळखली जाणारी ही पाने १९७१ पर्यंत निघत राहिली. एका पानावर एका पाठातील एखादा उतारा, त्यावरील दोन-तीन भाष्यकारांची परस्परविरोधी मते आणि खाली प्रश्न, असे त्यांचे स्वरूप असे. कठीण प्रश्नांपुढे फुली केलेली असे. अतिकठीण प्रश्नापुढे दोन फुल्या. उत्तरे टपालाने येत. शिक्षक, सैनिक, गृहिणी, कामगार अशा सर्व थरांतील लोकांनी पाठविलेली ही उत्तरे त्या स्वतः तपासून लाल शाईने शेरे मारून परत पाठवीत. १९५६ मध्ये त्यांना इस्राएल पुरस्कार मिळाला. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या समाधिशिलेवर नावाबरोबर ‘शिक्षिका’ एवढीच ओळख कोरलेली आहे.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रश्न राशी यांच्या भाष्यासंबंधी आहे. राशी म्हणजे रब्बी श्लोमो यित्झाकी (१०४०-११०५), फ्रान्समधील त्र्वा येथील भाष्यकार. मराठी वाचकाने या नावाचा ज्योतिषाशी संबंध जोडू नये. ‘राशींना येथे काय अडले?’ असा तो प्रश्न. भाष्यकार काय म्हणतो यापेक्षा त्याला बोलावे का लागले, हे तो विचारतो. वचनात काही तरी खटकले असले पाहिजे : एखादा अनावश्यक शब्द, अनपेक्षित क्रम, गाळलेला दुवा. समकालीन अर्थाविषयी नेहामा क्वचितच थेट बोलतात. तरीही त्यांच्या विद्यार्थ्याला पाठ आजचा वाटतो, कारण मतभेदात भाग घेण्याची पाळी त्याच्यावर येते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ग्रंथाच्या ऐतिहासिक घडणीचा, त्यातील भिन्न स्तरांचा प्रश्न नेहामा विचारात घेत नाहीत. तसेच स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेणेही त्यांना मान्य नव्हते. या दोन्ही मर्यादा पुढील पाठात जाणवतात.

खंडित अक्षर आणि मोठे अक्षर

‘पिन्हास’ हा गणना या ग्रंथातील पाठ (अध्याय २५, वचन १० ते अध्याय ३०, वचन १). सामान्यतः तो जुलैच्या सुमारास, आपल्याकडे आषाढाच्या आगेमागे येतो. मराठी बायबलात ‘फिनहास’ या नावाने येणारा हा अहरोनाचा नातू. सर्वांदेखत एका मिद्यानी स्त्रीला छावणीत आणणाऱ्या इस्राएली सरदाराला तो त्या स्त्रीसह भाल्याने ठार करतो, आणि ईश्वर त्याला शांतीचा करार बहाल करतो. आधुनिक वाचकाची येथे कोंडी होते. न्यायाधीश नाही, साक्षीपुरावा नाही, आरोपीला बोलण्याची संधी नाही. आणि हत्येला बक्षीस शांतीचे!

४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीव येथे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या झाली. मारेकरी धर्मशास्त्राची भाषा बोलणारा यहुदी तरुण होता. त्यानंतर या पाठावर प्रवचन करणे अनेकांना अवघड वाटू लागले यात नवल नाही. काहींनी पिन्हासची कृती त्या काळापुरती होती असे म्हणून विषय मिटवला. परंतु हा मार्ग आळशीपणाचा आहे, कारण अस्वस्थता परंपरेने फार पूर्वीच नोंदवून ठेवलेली आहे. जेरुसलेम तालमूदाच्या मते पिन्हासचे कृत्य ज्ञात्यांच्या इच्छेविरुद्ध होते. बाबिलोनी तालमूद त्याहून सूक्ष्म आहे. असा आवेशी पुरुष आधी विचारायला आला असता तर न्यायसभेने त्याला अनुज्ञा दिली नसती, आणि त्या सरदाराने उलटून पिन्हासलाच मारले असते तर तो दोषी ठरला नसता, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे विचारून करता येणार नाही असे हे कृत्य. आणि ज्याला विचारता येते तो ते करणारच नाही.

याहून बोलकी आहे ती पाठाची विभागणी. हत्या मागील पाठाच्या (‘बालाक’) अखेरीस येते आणि बक्षीस या पाठाच्या आरंभी. एकच प्रसंग मध्ये कापला गेल्याने कृती व तिची प्रशंसा यांच्यात श्रोत्यांना पूर्ण आठवडा थांबावे लागते. शिवाय गुंडाळीत ‘शालोम’ या शब्दातील ‘वाव’ हे अक्षर तुटलेले लिहिण्याचा दंडक आहे. लेखनिकाचा हा संकेत मूळ कोणत्या हेतूने आला याविषयी वाद घालता येईल. तुटलेली शांती मात्र दरवर्षी गुंडाळी उघडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते.

याच पाठात दुसरेही एक विलक्षण अक्षर आहे. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यापुढे दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहतात. पिता मरण पावला, त्याला पुत्र नव्हता. तेवढ्यामुळे त्याचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे, वतन आम्हांस मिळावे, अशी त्यांची मागणी. मोशेजवळ उत्तर नाही. तो त्यांचा दावा ईश्वरापुढे ठेवतो. ‘त्यांचा दावा’ या अर्थाच्या हिब्रू शब्दाचे अखेरचे ‘नून’ हे अक्षर परंपरेने मोठे लिहिले जाते, आणि हेच अक्षर तेथे स्त्रीलिंगी अनेकवचनाचा प्रत्यय आहे. दोन अध्यायांच्या अंतरात एक अक्षर मोडलेले आणि एक वाढलेले. एकीकडे भाला, दुसरीकडे युक्तिवाद.

ईश्वराचा निर्णय मुलींच्या बाजूने लागतो. मोशेच्या नजरेला जे दिसले नाही ते यांच्या नजरेने पाहिले, अशा आशयाचे भाष्य राशी करतात. ‘सिफ्रे’ हा प्राचीन मिद्राश आणखी पुढे जातो. माणसांची माया मुलांकडे झुकते, ईश्वराची तशी नाही, हे या मुलींनी ओळखले होते, असे तेथे सूचित केले आहे. तालमूद त्यांना शहाण्या आणि शास्त्रार्थ जाणणाऱ्या म्हणते. आम्ही अपत्य गणल्या जात असू तर वारसा द्या, नसू तर आमच्या आईचा दिरासारख्या नातलगाशी नियमाप्रमाणे विवाह लावा, असा बिनतोड पेच तालमूद त्यांच्या तोंडी घालते.

अर्धवट उत्सव

गेल्या काही दशकांत या पाच मुली स्त्रीवादी वाचनाच्या नायिका झाल्या आहेत. २००७ मध्ये तमारा कोन एस्केनाझी व आंद्रेआ वाइस यांनी संपादित केलेले संपूर्ण तोरेवरील स्त्रियांचे भाष्य प्रसिद्ध झाले. या क्षेत्रातील तो महत्त्वाचा टप्पा होय. तथापि प्रवचनांतून व सभांतून ही कथा जेव्हा सांगितली जाते तेव्हा ती बहुधा २७ व्या अध्यायातच थांबते.

पंचांग मात्र तेथे थांबत नाही. एक वा दोन आठवड्यांनी ‘मासे’ हा पाठ येतो आणि गणनाच्या शेवटच्या अध्यायात मनश्शे वंशातील गिलाद कुळाचे प्रमुख तक्रार घेऊन उभे राहतात. या मुलींनी अन्य वंशांत लग्ने केली तर आमची जमीन परक्यांकडे जाईल, हे त्यांचे म्हणणे. त्यावर आज्ञा होते, की मुलींनी आपल्याच वंशात विवाह करावा. आणि त्या चुलत भावांशी विवाह करतात. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की मुलींचे म्हणणे बरोबर आहे हे सांगण्यासाठी ‘केन’ हा जो शब्द योजला होता, तोच कुळप्रमुखांच्या बाबतीतही योजला आहे. दोन्ही पक्षांना एकच शिक्का. हक्क दिला, पण त्यासोबत वराची निवड आकुंचित केली. तालमूदाने ही मर्यादा त्या एका पिढीपुरतीच होती असे ठरवून ती सैल केली हे खरे. पण पाठातील ताण त्यामुळे पुसला जात नाही. समकालीन अर्थ शोधणाऱ्याने पहिल्या आठवड्यात टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या आठवड्यात गैरहजर राहायचे, याला वाचन म्हणता येत नाही.

आणखी एक अडचण इतिहासाची. १९१० मध्ये शोमरोन येथील उत्खननात इ. स. पूर्व आठव्या शतकातील मजकूर असलेली खापरे सापडली. त्यांवर नोआ आणि होग्ला ही नावे प्रदेशांची वा कुळांची नावे म्हणून येतात. तिरसा ही तर उत्तर राज्याची एके काळची राजधानी. म्हणजे या पाच जणी मुळात मनश्शेच्या भूभागाची नावे असाव्यात आणि कथा त्या भूभागांच्या हक्काचे स्पष्टीकरण असावी, असा तर्क सबळ ठरतो. नेहामांच्या प्रश्नपत्रिकेत या खापरांना जागा नाही. पण ती असायला हरकत नव्हती. प्रदेशांच्या नावांना वाचा देताना कथाकाराने त्या वाचेला वारसाहक्काची मागणी करायला का लावले, हा प्रश्न खापरांमुळेच उभा राहतो आणि तो दोन फुल्यांच्या योग्यतेचा आहे.

प्रवचन आणि दस्तऐवज

पुत्र असताना कन्येला वारसा नाही, हा पारंपरिक यहुदी धर्मशास्त्राचा नियम कायम राहिला. मध्ययुगीन जर्मनी व पोलंड या प्रदेशांतील पित्यांनी त्यावर तोड काढली ती प्रवचनातून नव्हे, तर दस्तऐवजातून. मुलीच्या विवाहसमयी ‘अर्ध्या पुत्रभागाचा’ करार लिहून देण्याची प्रथा तेथे पडली. पुत्राच्या वाट्याच्या निम्मे तिला मिळावे अशी त्यात तजवीज असे. नियमाला हात न लावता कर्जरोख्याच्या रूपाने साधलेली ही युक्ती. समकालीन अर्थाचा शोध म्हणजे मुख्यतः भावनेचे प्रकरण, असे मानणाऱ्यांनी या कागदांकडे पाहावे. पुढे इस्राएलच्या १९६५ च्या वारसा कायद्याने पुत्र व कन्या यांना समान वाटा दिला.

मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या संदर्भात या पाठाला वेगळीच छटा प्राप्त होते. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला हा समाज. मुंबईत १७९६ मध्ये त्याचे पहिले सभास्थान उभे राहिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने बायबलातील आख्याने मराठी कीर्तनाच्या साच्यात रंगवली. दूरच्या वचनापासून आरंभ करून आठवड्याच्या पाठाच्या पहिल्या वचनाशी येऊन पोहोचणे ही मिद्राशातील जुनी रीत आहे. पूर्वरंगातून आख्यानाकडे वळण्याची सवय असलेल्या श्रोत्याला ती परकी वाटली नसावी. परंतु वारशाच्या बाबतीत या समाजाला लागू झाला तो १८६५ चा आणि नंतर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, ज्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. अलिबागच्या सभास्थानात हा पाठ ऐकणाऱ्या कन्येला कायद्याने पुत्राबरोबरीने जे आधीच दिले होते, ते तोरेने सलाफहादाच्या मुलींना केवळ भाऊ नसल्यामुळे दिले. तिला या कथेतून हक्क मिळवायचा नव्हता. तिच्यासाठी शिल्लक उरते ते २७ व्या अध्यायातील दृश्य : पाच जणी सर्वांसमक्ष उभ्या, आणि ज्याच्याकडे नेहमी उत्तर असते तो निरुत्तर.

गणना या ग्रंथातील अखेरची घटना याच पाच जणींची आहे. तेथे त्यांची नावे पुन्हा येतात, पण क्रम बदललेला आहे : महला, तिरसा, होग्ला, मिल्का, नोआ. राशींनी या बदललेल्या क्रमावर भाष्य केले आहे. एके ठिकाणी वयाचा क्रम, दुसऱ्या ठिकाणी निराळा, यावरून त्या पाचही जणी परस्परांच्या तोलाच्या होत्या, असा निष्कर्ष ते काढतात. ज्या अध्यायात त्यांचे स्वातंत्र्य आखडले, नेमक्या त्याच अध्यायात राशींना त्यांची बरोबरी नोंदवावीशी वाटली. येथे राशींना काय अडले?