स्तनातील संयोजी पेशींची 'अभिव्यक्ती' : एक चिकित्सा

स्तनाच्या कर्करोगाचे संशोधन दीर्घकाळ दुग्धनलिकांच्या अभिस्तर पेशींभोवती केंद्रित राहिले. भोवतालच्या संयोजी ऊतीतील फायब्रोब्लास्ट पेशींना केवळ आधार देणाऱ्या पेशी मानले गेले. ही दृष्टी बदलण्यात दोन अभ्यासांचा वाटा मोठा आहे. त्यांचे मूल्यमापन करताना मात्र एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो : जनुकाची अभिव्यक्ती मोजली म्हणजे पेशीचे कार्य समजले काय?

बोस्टन येथील कॉर्नेलिया पॉलियाक यांच्या गटाने २००४ मध्ये निरोगी व कर्करोगग्रस्त स्तनऊतीतील पेशी प्रकारानुसार वेगळ्या केल्या आणि त्यांतील संदेशवाहक आरएनएची मोजणी केली. अभिव्यक्तीतील बदल सर्वच पेशीप्रकारांत आढळले. डीएनएमधील बदल मात्र केवळ कर्करोगग्रस्त अभिस्तर पेशींत दिसले. अखंड गाठ एकत्र वाटून केलेल्या मोजणीत हा भेद लोपला असता. हे या अभ्यासाचे निर्विवाद यश होय.

तथापि अशा मोजणीतून तयार होणारी जनुकांची यादी म्हणजे प्रथिनांची यादी नव्हे. स्टीव्हन गिगी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यीस्टवर केलेल्या अभ्यासात, आरएनएचे प्रमाण समान असूनही काही प्रथिनांच्या प्रमाणात वीसपटींहून अधिक तफावत आढळली. शिवाय प्रथिन असणे म्हणजे ते कार्यरत असणेही नव्हे. टीजीएफ-बीटा हे प्रथिन पेशीतून सुप्तावस्थेत स्रवते व पुढे सक्रिय व्हावे लागते.

या दृष्टीने अकिरा ओरिमो, रॉबर्ट वाईनबर्ग व सहकाऱ्यांचा २००५ मधील अभ्यास अधिक समाधानकारक ठरतो. गाठीतील फायब्रोब्लास्ट कर्करोगपेशींसह उंदरांत सोडल्यावर गाठी अधिक वाढल्या. सीएक्ससीएल-१२ या स्रवलेल्या प्रथिनाला प्रतिपिंडाने निष्प्रभ केल्यावर ही वाढ मंदावली. येथे प्रथिनाचे कार्य प्रत्यक्ष तपासले गेले. अर्थात या पेशी आधी संवर्धनपात्रात वाढविलेल्या होत्या आणि कठीण प्लास्टिकवर फायब्रोब्लास्टचे स्वरूप बदलते, ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

मराठीत आरएनए व प्रथिन या दोन्ही पातळ्यांसाठी 'अभिव्यक्ती' हा एकच शब्द रूढ आहे. त्यामुळे अध्यापनात व लेखनात ही गल्लत सहज शिरते. आरएनएच्या यादीवरून औषधाचे लक्ष्य ठरविले जाते तेव्हा या गल्लतीची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते. म्हणूनच 'अभिव्यक्ती वाढली' या विधानासोबत ती कोणत्या रेणूची, कोणत्या पेशीत व कोणत्या स्थितीत मोजली, हे सांगणे अनिवार्य मानले पाहिजे.