शिळाछापावरचे देव

राजा रविवर्म्याने देव घरोघरी पोहोचवले, असे आपले कलासमीक्षक मोठ्या कौतुकाने सांगतात. ते खरेही आहे. पण कोणाचे देव, आणि कोणत्या रूपात, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो आपण विचारला पाहिजे.

१८९४ साली रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. चित्रातला प्रत्येक रंग वेगळा काढून त्याचा स्वतंत्र दगड करायचा आणि एकच कागद एकामागून एक दगडांवर छापायचा, अशी ओलिओग्राफची रीत. आरंभ शकुंतलेच्या जन्मापासून झाला. मग रामायण-महाभारतातले प्रसंग बाजारात विकले जाऊ लागले.

या दगडाला विटाळ होत नव्हता. पैसे मोजील त्याला तो राम देत होता. उलट, २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे गेली, तेव्हा दारे बंद होती. देवळाने नाकारले ते छापखान्याने दिले. हे यंत्राचे श्रेय मी मान्य करतो.

चित्राची गोष्ट वेगळी. 'जटायुवध' पाहा. सीता गोरी, नाजूक, भयभीत. रावण सावळा, आडदांड, हातात तलवार. सज्जन-दुर्जन रंगावरून ओळखावेत, हा धडा निरक्षरालाही मिळतो. पोथी आपल्यापासून दूर ठेवली होती. चित्र आपल्या भिंतीवर आले आणि आपल्याच कातडीची लाज आपल्याला शिकवू लागले. शिवाय काय छापले नाही तेही पाहावे. उत्तरकांडात रामाच्या हातून शंबूक मारला जातो. मी पाहिलेल्या एकाही छापात तो नाही. रामाचे सिंहासन भिंतीवर आले. त्या राज्यात तप केले म्हणून मारलेला शूद्र आला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या वस्त्यांतून या तसबिरी उतरल्या. बुद्ध आणि बाबासाहेब आले. तेही छापलेलेच, बाजारातूनच आणलेले. पण त्यांतल्या कित्येक चित्रांत बाबासाहेबांचे गाल गुलाबी आहेत आणि मस्तकामागे तेजोवलय आहे. देव उतरवले आणि देव घडवण्याची रीत तेवढी ठेवली, तर आपण काय नाकारले? आपल्या चित्रकारांनी १९२७ चे चवदार तळे रंगवावे. ओंजळीत पाणी घेणारी ती माणसे त्यांच्या खऱ्या रंगात, उन्हाने रापलेली, घाम आलेली दिसू द्यावीत. तेजोवलयाची त्यांना गरज नाही.