अलेक्झांडरनं काय शोधलं?

लोणारच्या सरोवरावरचं कुठलंही माहितीपत्रक उघडा. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं म्हणे त्याचा शोध लावला. शाळेतली पोरं हेच घोकतात, स्पर्धा परीक्षेवाले हेच पाठ करतात.

माझं भांडण त्या साहेबाशी नाही. तेव्हा हा मुलूख निजामाचा. वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडं आला १८५३ मध्ये. साहेब आला, त्यानं पाहिलं, नोंद केली. भांडण आहे 'शोध लावला' या शब्दांशी. हे विवर उल्केच्या आघातानं झालं, हे शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी मांडलं १९७३ साली. त्याआधी ज्वालामुखीच समजत. मग साहेबानं शोधलं काय? पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा काय गावाला दिसायचा राहिला होता?

सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ऐन-ए-अकबरीत लोणार आहे. इथं काचेला, साबणाला लागणारा माल निघतो, त्यावर सरकारला महसूल मिळतो, अशी नोंद आहे. महसूल मिळतो म्हणजे कुणीतरी त्या खाऱ्या चिखलात उतरून राबत होतं. गावाच्या नावातच लोण आहे, मीठ आहे.

आता काहींना साहेबाचं नाव खुपायला लागलंय. म्हणतात, हे सगळं आमच्या पुराणात आहे. आहे ना! पुराणात लवणासुर आहे आणि त्याला मारणारा विष्णू आहे. गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं आहे. म्हणजे मिठाचा धनी राक्षस, आणि मारणारा देव. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त असल्या कथा उलट्या करून वाचायला शिकवलं. साहेब खोडून तिथं देव लिहिला तर आपल्या पदरात काय पडलं? खार काढणारा दोन्हीकडं बिननावाचाच.

नावाची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. लोणारहून मराठवाड्याची शीव जवळच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि तिकडं वस्त्या पेटल्या, पोचिराम कांबळेंना जाळलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. बाबासाहेब ज्या कॉलेजात शिकले त्यावर एलफिन्स्टन या गोऱ्या गव्हर्नरचं नाव. त्यापायी कुणी एक झोपडी पेटवली नाही.

तेव्हा माहितीपत्रक छापणाऱ्यांनो, लिहा: १८२३ साली अलेक्झांडर नावाचा अधिकारी लोणारला येऊन गेला. त्याच्या वरच्या ओळीत तो महसूल लिहा. आणि तो कुणाच्या घामातून गेला, हे देवळात नको, वस्तीत जाऊन विचारा.