औंढ्याचे मंदिर आणि छायाचित्राखालील शब्द

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ मंदिराची जुनी छायाचित्रे आपण अस्सल पुरावा म्हणून स्वीकारतो. परंतु अवशेष पाहण्याची जी दृष्टी अशा चित्रांमागे असते, तिची चिकित्सा क्वचितच होते. त्या दृष्टीच्या घडणीत इजिप्तमधील आरंभीच्या छायाचित्रणाचा वाटा मोठा आहे.

१८४९ ते १८५१ या काळात माक्सिम द्यु काँ या फ्रेंच लेखकाने इजिप्तमधील अवशेषांची छायाचित्रे घेतली. १८५२ साली त्यांतील १२५ चित्रांचा ग्रंथ निघाला. पुतळ्यांची उंची कळावी म्हणून तो हाजी इस्माइल या खलाशास त्यांच्याजवळ उभा करी. कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ असून हालचाल केल्यास ती उडेल, अशी थाप त्यास दिली असल्याचे द्यु काँनेच लिहून ठेवले आहे. मापन साधले, हे मान्य. परंतु चित्राखालील शब्द वास्तूचेच नाव सांगतात. माणूस केवळ मोजपट्टी ठरला.

आपल्याकडे मेजर रॉबर्ट गिल हे १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्यांच्या ७४ छायाचित्रांचा, फर्ग्युसन यांच्या विवेचनासह, कोरीव लेण्यांवरील ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिल्प आणि स्थापत्य उतरले. रंग मात्र उतरणे शक्यच नव्हते. १८६६ च्या लंडनमधील आगीत त्यांच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती जळाल्या, तेव्हा या उणिवेची किंमत कळली.

औंढ्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. हेन्री कझिन्स यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात या मंदिरास स्थान आहे. त्याचा खालचा कोरीव भाग यादवकालीन, तर वरचा विटा-चुन्याचा भाग उत्तरकालीन आहे. इजिप्तच्या देवळांतील पूजा कित्येक शतकांपूर्वीच थांबली होती. औंढ्यात ती आजही चालते. अवशेषांना सरावलेली नजर वरच्या बांधणीस विद्रूप भर समजते. वस्तुतः मोडलेले देऊळ लोकांनी पुन्हा उभे केले, याचा तोच पुरावा होय.

म्हणून अशा चित्राखाली केवळ ‘यादवकालीन मंदिर’ असे लिहिणे अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे आहे. दोन्ही काळांचा निर्देश व्हावा आणि चित्रात माणूस असल्यास त्याचीही नोंद व्हावी. त्याचे नाव ठाऊक नसणे हे तो चित्रात नव्हताच असे मानण्यास कारण होऊ शकत नाही.