पुन्हा कधीही नाही!

आमच्या बँकेतला निवृत्त होणारा प्रत्येक जण निरोपसमारंभात "आता या इमारतीत पुन्हा पाऊल टाकणार नाही" असं म्हणतो, आणि पुढच्याच महिन्यात पेन्शनच्या चौकशीला काउंटरवर हजर होतो. त्यामुळे १९७१ साली 'डायमंड्स आर फॉरएव्हर' उरकून "पुन्हा बाँड कधीही नाही" म्हणणारा शॉन कॉनरी १९८३ साली पुन्हा बाँड होऊन आला, याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते चित्रपटाच्या नावाचं. 'नेव्हर से नेव्हर अगेन' हे नाव म्हणे त्याच्या पत्नीनं सुचवलं. नवऱ्याचं जुनं वाक्य नेमक्या वेळी त्याच्यासमोर ठेवण्याची विद्या सातासमुद्रापलीकडेही आहे तर!

परवा रात्री हा चित्रपट पुन्हा पाहिला. आता आम्हीही चाळिशी ओलांडली आहे, चष्म्याचा नंबर वाढला आहे. म्हणूनच की काय, पहिला अर्धा तास मी अगदी सरसावून बसलो. सुरुवातीच्या सरावातच बाँड सपशेल नापास होतो. नवा साहेब, 'एम', त्याच्या खाण्यापिण्यावर ताशेरे ओढतो आणि त्याला निसर्गोपचार केंद्रात धाडतो. एडवर्ड फॉक्स हा 'एम' झालेला नट कॉनरीहून सात वर्षांनी लहान! वयानं लहान साहेबाच्या केबिनमध्ये ज्यांनी उभं राहून बोलणी खाल्ली आहेत, त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. हत्यारं पुरवणारा बिचारा खात्याकडे पैसे नाहीत म्हणून रडतो. असं रडगाणं मी स्टेशनरी मागताना स्वतः गायलेलं आहे.

आणि बाँड काय करतो? पथ्याच्या केंद्रात बॅगेतून व्होडका आणि उंची खाद्यपदार्थ लपवून नेतो. तिथंच एका धिप्पाड मारेकऱ्याशी झुंज होते. गोळ्या नाहीत, यंत्रं नाहीत. शेवटी बाँड हाताला लागलेलं भांडं त्याच्या तोंडावर फेकतो आणि तो आडवा होतो. भांड्यावरची चिठ्ठी पाहावी तर ते तपासणीसाठी दिलेलं बाँडचंच लघवीचं सँपल! बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या गुप्तहेराला याहून खरं शस्त्र कुठलं शोभणार? मी एकटाच इतका हसलो, की आतून विचारणा झाली, "अहो, बरं आहे ना?"

पण इथवर आणून दिग्दर्शक कर्शनर ही गंमत विसरतो. म्हणजे विसरणं त्याला भागच होतं. हा चित्रपट नेहमीच्या बाँडपटवाल्यांचा नव्हेच. 'थंडरबॉल'च्या कथेवरून कोर्टकज्जा झाला आणि चित्रपटाचा हक्क केविन मॅक्लोरीकडे गेला, त्या हक्कावर हा उभा. हक्क एकाच कथेचा, म्हणून १९६५ ची तीच गोष्ट पुन्हा. तीच चोरलेली अणुअस्त्रं, तेच पाण्याखालचं पोहणं. बाँडची ती ओळखीची धूनसुद्धा नाही. ती पडली दुसऱ्यांच्या मालकीची. बहामाच्या पाण्यात कॉनरी एकदम तरुण होतो आणि मला जांभया येऊ लागतात. खलनायक झालेला ब्रँडाउअर तेवढा जागं ठेवतो. हसता हसता त्याचा चेहरा असा काही बदलतो, की ऑडिटर आठवावा!

त्याच वर्षी उदयपूरला चित्रित झालेला, आपला कबीर बेदी असलेला 'ऑक्टोपसी'ही आला. गल्ला त्याचा जास्त. त्यातला बाँड, रॉजर मूर, कॉनरीहून तीन वर्षांनी मोठा. पण त्याच्या चित्रपटात कुणी त्याचं वय काढत नाही. इथं कॉनरी, डोक्यावर टोप चढवून का होईना, पहिल्या अर्ध्या तासात आपलं वय स्वतःच टेबलावर मांडतो. तेवढ्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देतो. पुढच्या दीड तासाचे कापून घेतो.

शेवटी खात्याचा माणूस (हा चक्क रोवान ॲटकिन्सन!) परत चला म्हणून विनवायला येतो. बाँड म्हणतो, पुन्हा नाही. नायिका विचारते, कधीच नाही? तेव्हा तो आपल्याकडे बघून डोळा मिचकावतो.

"झाला का एकदाचा?" ही दारात येऊन म्हणाली. "मागच्या वेळी पाहिलात तेव्हा म्हणाला होतात, पुन्हा नाही बघणार."